अकरा दिवसांचा अबोला

एकतीस वर्षं मास्तरकी केली, पण एका पोराला कधी साधी टपली मारली नाही. हे मी भेटेल त्याला सांगते. न विचारता सांगते. माझी मुलगी शलाका म्हणायची, "आई, दारावर पाटीच लाव ना, म्हणजे तोंड दुखणार नाही."

बार्शीपासून नऊ किलोमीटरवर आमची जिल्हा परिषदेची शाळा. आता तिला दोन मजले झालेत, छतभर सौरपत्रे आहेत आणि फळ्यावर बोट फिरवलं की अक्षरं उमटतात. माझ्या वेळी चार खोल्या होत्या. पावसाळ्यात तिसरी आणि चौथी एकत्र बसायची, कारण तिसरीच्या खोलीत बादल्या मांडलेल्या असायच्या. साडेअकराला खिचडीच्या फोडणीचा वास सुटला की भूगोल शिकवण्यात काही अर्थ नसायचा. शनिवारी सकाळची शाळा, पटांगणात कवायत, थंडीत पोरांच्या तोंडातून निघणारी वाफ. काय दिवस होते ते! अजूनही दुपारी पडल्या पडल्या मी मनानं त्या वर्गात जाऊन बसते.

बाकीचे गुरुजी टेबलावर निरगुडीचा फोक ठेवायचे. मी नाही. माझा उपाय वेगळा होता. कुणी फारच वाह्यातपणा केला, की दुसऱ्या दिवशी हजेरीत मी त्याचं नाव घ्यायची नाही. सव्वीसवरून थेट अठ्ठावीस. सत्तावीस नंबर समोर बसलेला असायचा, पण मी त्याच्याकडे बघायची नाही, त्याची वही तपासायची नाही. ना आवाज, ना वळ. दोन दिवसांत पोरगं सुतासारखं सरळ व्हायचं. आसपासच्या शाळांच्या केंद्रात माझ्या या शिस्तीचं कौतुक होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही होतं.

यंदा जूनमध्ये नौशाद तांबोळी घरी आला. माझाच विद्यार्थी, शलाकाच्याच वर्गातला, आता त्याच शाळेत सातवीला शिकवतो. चहा पिता पिता म्हणाला, "बाई, दर गुरुवारी एक तास या की. हिंसेचा तास सुरू झालाय. समाजात ती कुठल्या कुठल्या रूपात असते आणि थांबवायची कशी, ते शिकवायचंय. त्या तासाला वर्गात एक वडीलधारं माणूस असावं, असा नियम आहे."

"माझं काय काम रे तिथं? मला हिंसा कुठं येते?"

"म्हणून तर तुम्हीच पाहिजेत," तो हसला.

आता त्या तासाचं सांगते, कारण त्यात वापरतात ती पट्टी काय असते हे कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माणूस घाबरतो तेव्हा ते आधी शरीराला कळतं, मग मनाला. छाती धडधडते, घसा सुकतो, पोटात खड्डा पडतो. हृदय, फुफ्फुसं आणि आतडी यांच्या खबरी मेंदूपर्यंत नेणारी एक लांबलचक नस आहे, व्हेगस म्हणतात तिला. तिची एक बारीक फांदी कानापर्यंत येते. आणि गंमत अशी, की जुना प्रसंग नीट आठवला की शरीर पुन्हा तसंच वागायला लागतं, प्रसंग तीस वर्षांपूर्वीचा असला तरी. शास्त्रज्ञांनी काय केलं, आठवणाऱ्या माणसाच्या शरीरातली ही सगळी हालचाल नोंदवली आणि कानामागच्या पट्टीतून, हलक्या विजेच्या स्पंदनांनी, दुसऱ्याच्या नसेत उतरवली. तिचं नाव संवेदपट्टी.

तिच्यातून चित्र दिसत नाही, आवाज येत नाही. येते ती फक्त अवस्था. समोर एक कार्ड असतं, त्यावर नोंद देणाऱ्याचं त्या वेळचं वय आणि घडलेलं चार ओळींत. नाव नाही. मुलांसाठी जोर एक चतुर्थांश ठेवतात, आणि नव्वद सेकंदांवर एकही सेकंद नाही. नौशादनं पहिल्याच दिवशी बजावलं, "ही आठवण आहे, पोरांनो. तेव्हा जे घडलं त्याची नाही, तर आज जे आठवतंय त्याची ही नोंद आहे. आणि कुणालाही मधेच पट्टी काढायची मुभा आहे, कारण विचारलं जाणार नाही."

पहिल्या गुरुवारी मारहाण होती. कार्डावर होतं, दारू पिऊन आलेला बाप, वय सात. दुसऱ्या गुरुवारी पाण्याच्या माठाला हात लावला म्हणून ओरडून हाकललेला माणूस. मग फोनवरून रोज येणाऱ्या धमक्या. पोरं पट्ट्या लावायची, गप्प व्हायची, मग बोलायची. काय बोलायची ती! आमच्या वेळी 'हिंसा करू नये' असं सुविचारात लिहून आम्ही मोकळे व्हायचो. इथं कादंबरी लोखंडे नावाची मुलगी उठून विचारते, "सर, तो बाप दुसऱ्या दिवशी नीट वागला असंल ना? मग त्या पोराला जास्तच कळेनासं झालं असंल." मी आपली मागच्या खुर्चीवर बसून थक्क व्हायची.

सातव्या गुरुवारच्या कार्डावर मथळा होता, 'मौन'.

नौशादनं वाचलं. "वय नऊ. शाळेत हजेरी घ्यायचे, माझं नाव गाळायचे. मी बसलेली असायचे. घरी गेल्यावरही माझ्याशी बोलणं बंद. ताट वाढून पुढं सरकवलं जायचं. असे अकरा दिवस."

मी नेहमीप्रमाणे चष्मा पुसत होते. पुसतच राहिले.

पोरांनी पट्ट्या लावल्या. मारहाणीच्या वेळी न डगमगलेला एक धिप्पाड मुलगा विसाव्या सेकंदाला रडायला लागला. कादंबरीनं पूर्ण नव्वद सेकंद काढले आणि मग म्हणाली, "सर, मी मेलेय का काय असं वाटलं. म्हणजे मेलेय आणि कुणाला कळलंच नाही, असं."

"ह्याला हिंसा म्हणायचं का?" नौशादनं विचारलं. माझ्याकडे तो बघत नव्हता. एवढा वेळ बघत नव्हता, की तेवढ्यावरूनच मला कळलं, ह्यालाही कळलंय.

"मग काय म्हणायचं?" कादंबरी म्हणाली. "पण सर, नाव गाळणाऱ्या त्या माणसांना काय वाटत असंल? त्यांची पट्टी नाही का?"

"करणाऱ्यांच्या नोंदी नाहीत आपल्याकडं. कुणी देत नाही."

घरी येऊन मी कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायच्या विसरले.

ते अकरा दिवस होते हे मला कार्डावरून कळलं. मी कधी मोजले नव्हते. प्रसंग मात्र लख्ख आठवत होता. २०१३ सालचा. केंद्रप्रमुख आले होते, मी फळ्यावर गुणाकार घेत होते आणि गडबडीत आठ सत्ते चौपन्न लिहिलं. शलाका चौथीत, माझ्याच वर्गात. आमचा नियम कडक होता, घरी आई, शाळेत बाई. आणि ही पोरगी भर वर्गात उठून म्हणाली, "आई, चुकलं!" सगळा वर्ग खो खो हसला. केंद्रप्रमुख पण हसले. माझे कान तापले. आपल्या मुलीचे लाड करते असं गावानं म्हणू नये म्हणून मी तिच्याशी आधीच दुप्पट कडक वागायची. दुसऱ्या दिवसापासून मी तिचं नाव गाळलं. आणि तो अबोला घरापर्यंत आला. हे लातूरला नोकरीला, रविवारीच यायचे. घरात आम्ही दोघीच.

त्यातलं शेवटचं मला फार प्रिय होतं, तेही सांगायला हवं. शेवटच्या दिवशी मी बाजारातून जिलबी आणली आणि म्हटलं, "शलू, ये खायला." ती धावत आली, माझ्या कमरेला मिठी मारली आणि सोडेचना. पदर भिजला माझा. पुढे ती मोठी झाली, शिकायला गेली, लग्न करून संभाजीनगरला गेली, पण तशी मिठी तिनं पुन्हा मारली नाही. तीस वर्षं मी त्या मिठीवर जगलेय. एकटं वाटलं की तीच आठवण काढायची.

संध्याकाळी फोन लावला. आमचं रोजचं बोलणं ठरलेलं, जेवलीस का, पाऊस आहे का, ठेवू का.

"आज नौशादच्या वर्गात 'मौन' नावाची नोंद लावली. ती तुझी आहे ना गं?" मी विचारलं.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "आई, त्यात नाव नाहीये कुणाचं."

"मी काय इतकी वाईट होते? तुला कधी हात तरी लावला का मी?"

"नाही लावलास. त्या दिवसांत मला वाटायचं, लावावास. निदान लागेल तरी."

"मग एवढी वर्षं बोलली का नाहीस? एवढा राग होता तर..."

"राग नाहीये आई. राग असता तर बोलले असते. मला अजूनही कुणी फोन उचलला नाही ना, की मी आधी आठवते, आपलं काय चुकलं. मुकुंदनं ऑफिसातून उत्तर दिलं नाही तर माझे हात गार पडतात. अठरा वर्षं झाली लग्नाला. हे का होतं ते शोधायला समुपदेशकाकडं गेले होते मी, तिथं त्यांनी विचारलं नोंद द्याल का, दिली."

"मला पण त्रास झाला होता शलाका. रात्र रात्र झोप नव्हती मला. तुला काय वाटलं, मला बरं वाटत होतं?"

"ठेवू का?" ती म्हणाली.

त्यानंतर रोजचा फोन ती उचलायची, पण मुलाच्या हातात द्यायची. आजी, जेवलीस का, पाऊस आहे का. ही पोरगी हातातून चाललीय, हे मला स्वच्छ दिसत होतं. मग मला सुचलं. बोलून पटत नाही ना? मग यंत्राला बोलू दे. करणाऱ्यांच्या नोंदी कुणी देत नाही म्हणे, मी देते! माझा त्रास तिच्या कानामागं लावते, म्हणजे कळेल तिला आईचं काळीज.

शनिवारी शाळा सुटल्यावर नौशादच्या खोलीत गेले. नोंदणीची पेटी शाळेतच होती. त्यानं दोनदा विचारलं, "बाई, नक्की?"

"तू माझा मास्तर आहेस का मी तुझी?"

त्यानं पट्टी लावली, बोटाला चिमटा लावला, छातीशी एक चकती. मी डोळे मिटले. वर्ग उभा राहिला. हजेरीपट, तिची निळी रिबीन, ओठ 'हजर बाई' म्हणायला तयार झालेले. मी पुढचं नाव घेतलं. तिचे डोळे माझ्यावर. दिवसभर माझ्यावर. घरी ताट सरकवलं. पुन्हा डोळे. नौशाद म्हणाला, झालं.

त्यानं आधी स्वतः लावून पाहिली. नियमच आहे तसा. नव्वद सेकंदांनी त्यानं पट्टी काढली आणि खिडकीबाहेर बघत बसला.

"काय रे? फार जोरात आहे का? सोसवलं नाही ना?"

"बाई, नीट आली नसंल. परत करू."

"आण इकडं."

मी पट्टी लावली. वाट बघत होते की आता आवंढा येईल, छाती भरून येईल. पण खांदे सैल पडले. श्वास लांब झाला. पोटात ऊब पसरली, थंडीच्या दिवसांत गरम भाकरी खाल्ल्यावर पसरते तशी. अख्खं जग आपल्या मुठीत आहे, सगळं जागच्या जागी आहे, आणि कुणीतरी आपल्यासाठी झुरतंय. छान वाटत होतं. अहो, इतकं छान वाटत होतं की नव्वद सेकंद संपल्यावर मला अजून हवं होतं.

मी पट्टी टेबलावर टाकली. "खोटं आहे हे! तूच म्हणतोस ना, ही आजची आठवण आहे, तेव्हाची नाही?"

"हो बाई."

"मग?"

त्यानं पट्टी उचलून पेटीत ठेवली. बोलायची गरजही नव्हती. तेव्हाचं जाऊ दे. शलाकाचे गार हात मला आज माहीत होते, फोनवर ऐकले होते, आणि तरीही आठवताना माझ्या पोटात ऊब होती. दुपारी पडल्या पडल्या ज्या वर्गात मी इतक्या वर्षं जाऊन बसत होते, तो वर्ग मला का आवडायचा, हे कळलं. मला स्वतःची किळस आली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं. "तेव्हा?"

"आम्ही सगळे तिथंच होतो बाई. तुम्ही तिच्याशी बोलत नव्हता म्हणून आम्ही पण बोलत नव्हतो. खिचडीच्या वेळी ती मोरीपाशी बसायची. मला जायचं होतं तिच्याकडं. भ्यालो." मग म्हणाला, "पुसून टाकू का? कुणाला कळणार नाही."

खरं सांगते, तोंडापर्यंत 'हो' आलं होतं. गावातली इज्जत, केंद्रातलं नाव, एकतीस वर्षं. आणि शलाका. ही नोंद तिला लावली तर उरलेसुरले फोनही जातील. पण पुसली असती तर मला पुन्हा तेच म्हणत बसावं लागलं असतं, मला पण त्रास झाला होता. तिनं ते एकदा ऐकलं होतं आणि फोन ठेवला होता.

"पुसू नकोस," मी म्हटलं. "गुरुवारी लाव. कार्ड मी लिहिते. आणि नाव घालणार आहे मी."

शलाकाला फोन केला. मुलानं उचलला. म्हटलं, "आईला दे. आणि ती नको म्हणाली तर सांग, आजी म्हणाली, तुझंच बरोबर आहे, आणि गुरुवारी शाळेत ये."

गुरुवारी ती आली. सकाळच्या गाडीनं, एकटी. माझ्याकडे घरी न येता थेट शाळेत. नौशादनं तिला मागच्या बाकावर जागा दिली. केस पांढरे व्हायला लागलेत माझ्या पोरीचे, ते मी व्हिडिओत पाहिलंच नव्हतं.

ह्या वेळी नौशादनं क्रम बदलला. आधी पट्टी, मग कार्ड. मी समोर उभी राहून बघत होते. पोरांचे चेहरे हळूहळू सैल झाले. दोघीतिघी हसल्या. एकानं हात डोक्यामागं घेतले. "सर, भारी आहे," कुणीतरी म्हणालं. "हे कसलंय? सहलीचं?" शलाकाही पट्टी लावून, मान खाली घालून बसली होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता.

मी कार्ड वाचलं. "वय छत्तीस. नाव हेमलता गव्हाणे, शिक्षिका. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचं नाव मी अकरा दिवस हजेरीत घेतलं नाही, घरी तिच्याशी बोलले नाही. तेव्हा मला जे वाटत होतं आणि आजही आठवताना वाटतं, ते हे."

हात डोक्यामागं घेतलेल्या मुलानं ते खाली घेतले. मग कादंबरी उठली. नेहमीसारखं हात वर न करता.

"बाई, मला हे माहितीय," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "हे असंच वाटतं. मागच्या महिन्यात आम्ही सातवी ब मधल्या श्रेयाला गटातून काढलं. मीच सांगितलं सगळ्यांना, तिच्याशी बोलायचं नाही. ती रोज माझ्याकडं बघती. मला वाटायचं, मला तिचा राग आलाय. पण राग नाही, हेच वाटतं. छान वाटतं."

"मग आता?" नौशादनं विचारलं.

"आता जाऊन काय बोलायचं ते सांगा ना कुणीतरी. मला लाज वाटतीय."

सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी बाई ना! बाईंना उत्तर येतं. मला तेहेतीस वर्षांत आलं नव्हतं. मी बाकांच्या मधून चालत मागं गेले आणि शलाकाच्या समोर उभी राहिले.

"शलाका, मी तुला छळलं," मी म्हटलं. "तुझी काही चूक नव्हती. आठ सत्ते छप्पन्नच होतात. शिस्त म्हणून मी नाही केलं ते. तू माझ्यासाठी झुरत होतीस, ते मला आवडत होतं, म्हणून केलं. परवा फोनवर मला त्रास झाला म्हणाले, ते पण खोटं बोलले."

तिनं मान वर केली. डोळे कोरडे होते आणि त्यांत काहीतरी मी पूर्वी कधी न पाहिलेलं होतं.

"मला वाटायचं, मी तुला नकोशी झालेय," ती म्हणाली. "म्हणून मी स्वतःला सुधारत बसले. आणि तुला तर मी तेव्हा सगळ्यात जास्त हवी होते."

"हो गं."

"हे जास्त वाईट आहे, आई."

"हो."

"आता मला राग येणार आहे." तिचा आवाज चढला, भर वर्गात, पस्तीस पोरांसमोर. "बराच येणार आहे. काय काय बोलेन तुला मी, माहीत नाही. ऐकावं लागेल तुला. पण मी बोलणं बंद करणार नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि ह्या वेळी ते खरंच माझं होतं.

पुढून बाक सरकल्याचा आवाज आला. कादंबरी ओढणी सारखी करून दाराशी उभी होती.

"सर," ती म्हणाली, "मी सातवी ब मध्ये जाऊन येऊ?"

नौशादनं घड्याळाकडे पाहिलं. तास संपायला अजून दहा मिनिटं होती.

"जा," तो म्हणाला.